एकादशीचं पनीर

सोमेश्वरनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चार किलो टोफू गाईपुढं ओतायला निघाले होते.

अंबाजोगाईत, हॉस्टेलच्या रस्त्याला. केजहून सकाळच्या एसटीनं आले होते. सहा दुकानं, दोन खानावळी आणि एक डेअरी फिरून झाली होती. सगळीकडे एकच बोलणं – पनीर आहे का? नाही? मग नको. डेअरीवाल्यानं तर एक तुकडा बोटानं दाबून पाहिला आणि ते बोट शर्टाला पुसलं! वरून भुरभुर पाऊस, हाताला बादलीचं ओझं. डोकं असं तापलं होतं की समोर जी पहिली गाय दिसली तिच्यापुढं मी बादली टेकवली.

"ओ मॅडम! पनीर कावून गाईला घालता?"

वळून पाहिलं. ताडपत्रीखाली चायनीजची लाल गाडी, मागं हातात झारा घेतलेला एक पोरगा. केसांवर पावसाचे थेंब आणि कपाळाला कोबीचा तुकडा चिकटलेला.

"पनीर न्हाई. टोफू हाय. सोयाबीनच्या दुधाचा."

"म्हंजे पनीरच की."

"न्हाई म्हनलं ना!" मी इतक्या जोरात ओरडले की गाय दोन पावलं मागं सरली. तो मात्र हसला. राग आलेल्या माणसाकडं बघून हसणारी माणसं मला आवडत नाहीत... हे कसं कुणास ठाऊक, आवडलं.

"द्या हिकडं," तो म्हणाला. "गाईच्या आधी माझा नंबर."

त्यानं तुकडे केले आणि तसेच कढईत सोडले. तेल असं उडालं की आम्ही दोघं मागं पळालो. मग मी ओढणी कमरेला खोचली आणि त्याच्या गाडीवर, त्याच्या झाऱ्यावर ताबा घेतला. टोफूतलं पाणी आधी फडक्यात दाबून काढायचं. मग कॉर्नफ्लोर लावायचं. मग मध्यम आचेवर, सगळ्या बाजू सोनेरी होईपर्यंत धीर धरायचा. तो शेजारी उभा राहून ऐकत होता, अधूनमधून टोफूकडंही बघत होता.

"आता चव बघा."

त्यानं चाखलं. "ह्याला तर चवच न्हाई की, मॅडम."

"त्याला सोताची चव नसतेच. ज्या रश्यात टाकाल त्याचा होऊन जातो."

"मंग माझ्यावानीच हाय," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

रस्सा त्यानं केला. लसूण, आलं, मिरची, सोया सॉस, व्हिनेगर... खारट, तिखट आणि आंबट, दुसरं काही नाही. मी पर्समधून गुळाची पुडी काढली. हो, मी गूळ बरोबर ठेवते, उन्हात फिरणारी बाई आहे मी. एक खडा टाकला, वर भाजलेल्या तिळाचा कूट. सॉस दाटला, चकाकला, टोफूच्या तुकड्यांना धरून बसला. हॉस्टेलची दोन पोरं वासानं थांबली, मग त्यांच्यामागं आणखी आली. तासाभरात चार किलो संपला, आणि गाय बिचारी बघत राहिली.

"उद्या किती आणू?" मी विचारलं.

"टोफू दोन किलो," तो म्हणाला, "आन् तुमी... रोज."

असं ते सुरू झालं. हसू नका. चोविसाव्या वर्षी माणसाला एवढं पुरतं.

मी आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन घराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये टोफू करायला लागले होते. सोयाबीन आमच्याच रानातलं. रात्री भिजत घालायचं, पहाटे वाटायचं, दूध उकळून लिंबानं फाडायचं आणि फडक्यात बांधून दगडाखाली ठेवायचं. प्रत्येक पुड्यावर मी स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात लिहायची – 'सोयाबीनचा टोफू'. पनीर म्हणून विकला असता तर दुप्पट खपला असता, हे मला दहाजणांनी सांगितलं. पण मला नकली पनीरवाली व्हायचं नव्हतं. आपल्या मालाला आपल्याच नावानं ओळखावं, एवढाच माझा हट्ट होता, आणि सोमेश्वरनं तो मान्य केला होता. गाडीच्या फळीवर त्यानं स्वतः रंगवलं – 'टोफू चिली'. टोफूतला 'फू' जरा वाकडा आला होता, तरी मी तो दहा वेळा वाचला.

परतीच्या पावसात गाडीवर गिऱ्हाईक नसायचं. ताडपत्रीवर पाणी वाजायचं आणि आम्ही नवेनवे रस्से करून बघायचो. शेंगदाण्याचा कूट, लाल मिरची आणि लिंबू... कांद्याची पात आणि काळी मिरी... एकदा चिंच. चमचा तो माझ्यापुढं धरायचा, मी फुंकर मारायची, आणि तो म्हणायचा, "हळू, ऋतुजा... पोळंल." चमचा केव्हाच निवलेला असायचा.

"आईला सांगितलंस का माझ्याबद्दल?" दिवाळीनंतर मी विचारलं.

"सांगितलं की. तुझ्या हातचं खाती बी. लई आवडतं तिला."

त्याची आई, चंद्रभागाबाई. नवरा लवकर गेला, दोन म्हशींवर तिनं हा एकुलता एक पोरगा वाढवला. तो तीन वर्षांचा असताना काविळीनं जायलाच निघाला होता. तेव्हा तिनं नारायणगडावर देवाला बोलून ठेवलं – पोरगा वाचू दे, मरेपर्यंत एकादशी मोडणार नाही. पोरगा वाचला. तेवीस वर्षं ती एकादशी धरत होती. बाळंतिणीला, तापाला, प्रवासाला सूट असते म्हणे. हिनं कधीच सूट घेतली नाही. त्याच्या तोंडून हे ऐकताना माझे डोळे भरून आले होते.

माघातल्या एकादशीला तिनं मला घरी बोलावलं. मी आईची मोरपंखी साडी नेसून गेले. शेजारच्या दोन बायका आधीच येऊन बसल्या होत्या, म्हणजे बोलावणं कशासाठी आहे ते कळलंच.

"ये बाई, ये," चंद्रभागाबाई म्हणाल्या. सकाळीच गडावरून आल्या होत्या, पाय धुळीनं पांढरे झालेले. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि शेजारणींना म्हणाल्या, "हीच ती. लई हुशार हाय दुधातली. दही, लोनी समद्यांलाच येतं, पनीर कोनाला येतं?"

दुधातली? मी सोमेश्वरकडं पाहिलं. तो चौकटीला टेकून उभा होता आणि चौकटीचा रंग खरवडत होता.

ताटं आली. भगर, शेंगदाण्याची आमटी, आणि एका ताटलीत तुपावर तळलेले पांढरे तुकडे. वर जिरं, हिरवी मिरची, उपासाचं मीठ. माझा टोफू. मी कुठंही ओळखला असता.

"तुझ्या पनीरनं लई बरं केलं बाई," त्या म्हणाल्या. "भगरीनं मला पित्त होतं. आता तीन एकादशी झाल्या, म्या ह्येच खाते." आणि त्यांनी एक तुकडा उचलला.

पनीर उपासाला चालतं, ते दुधाचं. सोयाबीन म्हणजे डाळीचीच जात. हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

मी पुन्हा सोमेश्वरकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, अगदी थोडी... नको. डोळ्यांत एवढी विनवणी की माझा जीव गोळा झाला. खोटं सांगत नाही, मी गप्प बसणार होते. पहिला तुकडा त्यांनी खाल्ला तेव्हा मी गप्प होते. त्यांनी दुसरा उचलला. तेवीस वर्षं उपाशी राहिलेलं ते तोंड उघडलं आणि माझ्याच्यानं राहवेना.

"मावशी... थांबा. ते पनीर न्हाई. सोयाबीनचं हाय."

त्यांचा हात तोंडापाशीच राहिला. "सोयाबीन? आपन म्हशीला पेंड घालतो, त्ये?"

त्या उठल्या, मोरीत गेल्या आणि चूळ भरू लागल्या. एक, दोन, पाच, दहा... थांबेचनात. बाहेर आल्या तेव्हा पदर भिजला होता आणि त्या बोटांवर मोजत होत्या, "आजची धरून चार एकादशी... चार..." मग त्यांनी विचारलं, "सोमा, तुला ठावं होतं का रे?"

दोन्ही शेजारणी त्याच्याकडं बघत होत्या. मीही. मला खात्री होती तो सांगेल. आई चिडेल, रडेल, मी पाया पडेन, कसंतरी निभेल.

"मला..." तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मला हिनं पनीर म्हनूनच दिलतं."

एवढी भांडकुदळ मी, डेअरीवाल्याशी भांडणारी, गाईला दचकवणारी... मी मुकाट उठले. पर्स घेतली आणि चालत स्टँडवर आले. तुझ्या गाडीच्या फळीवर तुझ्याच हातानं काय लिहिलंय, हे त्याला विचारायचं होतं, ते एसटीत बसल्यावर सुचलं. फोन अकरा वेळा वाजला. मग मेसेज आला. 'आई सोयाबीन म्हणलं की जनावरांचं खाणं म्हणती. तिनं तुला नाक मुरडलं असतं. म्हणून पनीर सांगितलतं. सगळ्यांसमोर दुसरं काय बोलणार होतो? समजून घे ना.'

ह्या गोष्टीला पाय फुटले. आठ दिवसांत केजच्या बाजारात कुजबूज सुरू झाली – ती सोयाबीनवाली, म्हातारीचा उपास मोडला तिनं, पनीर म्हणून खपवती. ज्या दोन दुकानांनी मोठ्या मुश्किलीनं माल ठेवला होता, त्यांनी पुडे परत पाठवले. त्यावरचं माझं अक्षर कुणी वाचलं नव्हतं. शेडमध्ये भिजवलेलं सोयाबीन आंबून गेलं. आई म्हणाली, "सोड त्याचा नाद." मी हो म्हणाले, आणि रोज फोन बघत राहिले. मला तो हवा होता. त्यानं एकदा, फक्त एकदा, त्याच्या आईसमोर खरं बोलावं आणि मी सगळं विसरून जावं, असं मी देवाला सांगत होते.

महिन्याभरानं मोटारसायकल दारात थांबली. मागं चंद्रभागाबाई. सोमेश्वर लिंबाखाली थांबला, त्या एकट्याच आत आल्या. आई चहा ठेवायला गेली.

"लगीन करायचं म्हनतो त्यो तुझ्याशीच," त्या बसता बसता म्हणाल्या. "जेवंना धड. म्या हो म्हनले. पन एक कर. माझ्यासंगं गडावर चल, नारळ वाढव, चार बायांदेखत म्हन – माझं चुकलं. आन् त्ये सोयाबीनचं बंद कर. मंग समदं मिटलं."

"मावशी, मी पनीर म्हनून दिलंच नव्हतं," मी म्हणाले. "गडावर उभी राहून सांगते. त्यालाच विचारा."

त्या पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "कशाला इचारू? मला त्याच दिशी कळलं. म्या आई हाय त्याची. खोटं बोलला की त्यो खाली बघतो, ल्हानपनापासून."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"तेवीस वर्सं ज्याच्यापायी उपाशी ऱ्हायले, त्यानंच माझा उपास मोडला, ह्ये कसं म्हनू मी? कोन्या तोंडानं?" त्यांचा आवाज फाटला. "तू परकी हायस. तुझ्यावर ढकललं तर मला झोप येती. येवढं कर माझ्यासाठी, पोरी. सून म्हनून तुला फुलावानी जपीन."

त्यांचा मला राग आला नाही. आजही येत नाही. त्यांचा हात मी हातात घेतला आणि म्हणाले, "बसा, चहा घ्या." मग बाहेर, लिंबाखाली गेले.

तो वाळला होता. दाढी वाढलेली. मला बघून हँडलवरचा हात काढला, पुन्हा ठेवला. "ऋतुजा..." एवढंच म्हणाला आणि माझं सगळं अवसान गळालं. वाटलं, जावं, त्याच्या छातीवर डोकं टेकावं, म्हणावं चल, वाढवते नारळ.

"तुझ्या आईला ठावं हाय," मी म्हणाले. "तू खोटं बोललास ते. पहिल्या दिवसापासून."

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. आता त्याला लाज वाटेल. आता तो आत धावेल, तिचे पाय धरेल. त्यानं नुसतं तोंड लपवलं असतं तरी मी त्याची झाले असते. शपथेवर सांगते.

त्यानं मोठा श्वास सोडला आणि त्याचे खांदे सैल पडले.

"मंग झालं की!" तो म्हणाला. "तिला ठावं हाय आन् ती काई म्हनत न्हाई. येवढं टेन्शन घेतलतं म्या... आता तू तेवढं गडावर जाऊन ये. मंग अडलंय कुठं?"

"जा तू, सोमेश्वर."

"कावून?"

तो खरंच विचारत होता. चेहऱ्यावर नुसतं नवल, बाकी काही नाही. मी सांगणार होते. तोंड उघडलंही. मग वाटलं, हे समजावून सांगावं लागलं तर आयुष्यभर सांगत बसावं लागेल.

"मावशींना सावकाश ने," मी म्हणाले. "साखर कारखान्याच्या पुढं रस्ता खोदलाय."

चंद्रभागाबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि काही न विचारता गाडीवर बसल्या. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग शेडमध्ये गेले, आतून कडी लावली आणि त्याच्यासाठी पोटभर रडले.