खोटे होकार

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, एक्स-रे विभागाच्या पलीकडे, कानांची तपासणी होत असे. तिथल्या मोठ्या खोलीत एक लहान खोली उभी केली होती. जाड भिंती, आतून भोकाभोकांचा पत्रा, जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी जागा आणि समोर काच. सगळे तिला ‘पेटी’ म्हणत. रुग्णाने आत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीकसा सूर आला की हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं की बाहेर श्रवणतज्ज्ञ मुलीसमोर दिवा लागे. रुग्ण काही बोललाच तर तिच्या कानात पडावं म्हणून आत एक माईकही होता.

बाई तिथे रुग्ण म्हणून आल्या नव्हत्या. त्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायच्या. बहिरं कोणाला म्हणायचं हे माणूस ठरवतो की यंत्र, असा त्यांचा अभ्यासाचा विषय. विभागातले डॉक्टर चेष्टा करायचे, “आम्ही लोकांचे कान तपासतो, बाई आम्हाला तपासतात.” बाई हसायच्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत राहायच्या.

एकदा सूर वाजलाच नव्हता, तरी दिवा लागला.

“हे काय गं?” बाईंनी विचारलं.

“खोटा होकार,” श्रवणतज्ज्ञ म्हणाली. ती वयाने लहान, बोलायला मोकळी, बाईंना ताई म्हणणारी. “शांततेत माणसाला भास होतात, ताई. आम्ही ते धरत नाही, पुसून टाकतो.”

पुसून टाकतात म्हटल्यावर बाईंनी कान टवकारले. जे टाकून दिलं जातं तेच त्यांना आधी बघायचं असे. आतला म्हातारा सुतार बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याला गाठलं.

“मघाशी बटण दाबलंत, तेव्हा काय ऐकू आलं?”

“हाक मारली ना.”

“कोणी?”

“धाकट्याने. ‘दादा, रंधा कुठे ठेवलास?’ म्हणाला.” सुतार ओशाळून हसला. “तो जाऊन वर्षं झाली. यंत्रांच्या आवाजात कान गेले, आता डोकंही चाललंय वाटतं.”

पण त्याचा चेहरा घाबरलेल्या माणसाचा नव्हता. खूप दिवसांनी घरी जाऊन आल्यासारखा तो दिसत होता. जाताना त्याने पेटीच्या दारावरून हात फिरवला, चांगलं लाकूड पारखावं तसा.

मग बाई विचारतच सुटल्या. एका निवृत्त परिचारिकेला पेटीत तिच्या आईने ‘केस वाळले का?’ असं विचारलं होतं. एका बसचालकाला त्याची बायको नुसती खोकलेली ऐकू आली, पण खोकला तिचाच, पैज लावायला तयार होता तो. हाक प्रत्येकाला वेगळी. मारणारं माणूस मात्र गेलेलं.

“मेंदूला शांतता सोसत नाही,” श्रवणतज्ज्ञ म्हणाली. “रिकामी जागा तो आपल्याच सामानाने भरतो.” बाईंना हे पटलं.

पटलं, तरी घरी गेल्यावर चैन पडेना. बाईंचे यजमान जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्यांचं हसू आठवे, जिना चढतानाचा कंटाळा आठवे. आवाज मात्र हातातून वाळू सुटावी तसा निसटत चालला होता. स्वयंपाकघरात उभ्या राहून बाई त्यांचं एखादं वाक्य मनात म्हणून बघत. वाक्य येई, पण बाईंच्याच आवाजात.

शेवटी एका दुपारी, रुग्ण संपल्यावर, त्या म्हणाल्या, “माझी पण कर ना तपासणी.”

त्या मुलीने पेटीचं दार उघडून धरलं.

दार लागलं. आतली शांतता कापसासारखी कानात दाटली. रक्ताची सणसण, पदराची सळसळ, गिळलेला आवंढा. सूर आले, बाईंनी बटण दाबलं. मग सूर थांबले. बाईंनी जिवाचे कान केले.

काही नाही.

डोळे मिटले, वाट पाहिली. काही नाही. आपल्याच वाट्याला काही नसावं, या विचाराने त्यांना रडू फुटलं. हेडफोन काढून त्या बाहेर आल्या.

श्रवणतज्ज्ञ हात मांडीवर ठेवून बसली होती. चेहरा पांढरा पडला होता.

“कान उत्तम आहेत तुमचे,” ती म्हणाली. मग हळूच, “पण ताई, तुम्ही बटण का नाही दाबलंत?”

“कशाला? काही आलंच नाही.”

“माईकवरून माझ्या कानात येत होतं. पुरुषाचा आवाज होता. मला वाटलं, तुम्हालाही येतोय.” ती अडखळली. “खडूबाई कोण?”

 नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत बाई खडूने माखून घरी यायच्या. दाराआड, दोघांतच, यजमान त्यांना तसं म्हणत. जगात दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हतं.

“काय म्हणत होते?”

“सगळ्या गावाच्या मुलाखती झाल्या, माझी राहिली, असं म्हणत होते.”

खरं होतं ते. अभ्यासासाठी शेकडो अनोळखी माणसांचे आवाज बाईंनी रेकॉर्ड करून जपून ठेवले होते. घरातल्याचा एकही नाही.

बाईंनी हिसकावल्यासारखा त्या मुलीचा हेडफोन कानाला लावला. पेटी रिकामी होती. हेडफोन मुका होता.

“मी आत बसते,” त्या म्हणाल्या. “तू ऐक आणि मला सांग.”

दार पुन्हा लागलं.

“कसे आहात?” बाईंनी विचारलं. समोर भोकाभोकांचा पत्रा.

थोड्या वेळाने हेडफोनमधून त्या मुलीचा आवाज आला. “बरा आहे म्हणतात. तू बारीक झालीस म्हणतात.”

“दिसते मी?”

“हो म्हणाले.”

“मग मला का ऐकू येत नाही?”

काचेपलीकडे ती मुलगी बराच वेळ ऐकत राहिली. “ते म्हणतात, तू नेहमी पुढचा प्रश्न शोधत असतेस.”

 बाईंनी आता प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं. हातातलं बटण मांडीवर ठेवलं.

“काय म्हणतायत आता?” तरी तोंडून गेलंच.

“आता काही नाही. नुसता श्वास येतोय.”

“माझा असेल.”

बाईंनी श्वास रोखला. छाती भरून आली, कानशिलं ठणकू लागली. काचेतून त्यांनी नजरेनेच विचारलं, थांबला?

त्या मुलीने नकारार्थी मान हलवली. मग तिने हात उचलला आणि तो हळूहळू वर नेला, हळूहळू खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा, संथ.

त्या हाताकडे बघत बाईंनी श्वास सोडला आणि पुढचा त्याच्याबरोबर घेतला.