पहिल्या आठवड्याचा शेरा

शाळेची घंटा व्हायला दोनच मिनिटं उरली होती आणि खारू जिन्यात बसून राहिली होती. दोन्ही कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. खिडकीतून झिरपणारा ओला उजेड तिच्या केसांवर सांडला होता.

खारू माझ्या ताईची मुलगी, सहा वर्षांची. पावाच्या कडा खारीसारख्या कुरतडून खाते, म्हणून खारू. ताई दवाखान्यात नर्स, भावजी जहाजावर, त्यामुळे शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे. खारू स्वमग्न आहे. आवाज तिला टोचतात... अगदी सुईसारखे. आणि स्वतःचे शब्द सापडले नाहीत की ती कुठेतरी ऐकलेलं वाक्य उचलून आणते.

वरून कोणीतरी धडधडत उतरलं. उंच, हातांवर खडूची पूड, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आता हा ओरडणार! मी मनातल्या मनात पदर खोचला.

पण तो ओरडला नाही. दोन पायऱ्या सोडून, आमच्याकडे न बघता, चक्क खाली बसला.

"कृपया दरवाज्यापासून दूर राहा," खारू म्हणाली. आमच्या इमारतीतली लिफ्ट असं बोलते.

मी माफी मागणार, तोच तो गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे," आणि आणखी एक पायरी खाली सरकला.

घंटा वाजली. थांबली. मग खारूने कानांवरचे हात काढले, ती उठली आणि आपली आपण वर चालू लागली.

"तुम्हाला उशीर झाला आमच्यामुळे," मी म्हणाले.

"वर्ग माझाच आहे. पहिलीचा नवा शिक्षक मी. तुम्ही खारूच्या मावशी ना? फाटकाशी रोज बघतो तुम्हाला." एवढं बोलून तो उगाचच चष्मा सारखा करू लागला. "गेल्या आठवड्यात मी तिला हाताला धरून आत नेलं होतं, तर दिवसभर टेबलाखाली बसली. आज म्हटलं, काहीच न करून बघावं."

आम्ही शाळेकडे खारूसाठी वर्गात एक मदतनीस मागितली होती. सहामाही संपताना बैठक होणार होती. मदतनीस द्यायची, की मुलीसाठी दुसरी शाळा बघा म्हणायचं, ते मुख्याध्यापिका बाई तेव्हा ठरवणार होत्या. हे त्यालाही ठाऊक होतं.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "शिकवाल मला?"

मी हसले. शिक्षक असून असं सरळ विचारणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

*

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी. सर वही घेऊन आले, शहाण्या विद्यार्थ्यासारखे समोरच्या स्टुलावर बसले.

"आधी तो चष्मा काढा. दोरा बघून मला झोप लागायची नाही."

त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला. बोटं लागली... जेमतेम. मी उगाचच स्क्रूची डबी शोधत बसले. डबी समोरच होती.

"चष्म्याशिवाय काही दिसतं का?"

"सगळं धुरकट." त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. "पण छान धुरकट."

"वही उघडा, सर!"

त्यांनी उघडली. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. घंटेच्या पाच मिनिटं आधी तिला हळूच सांगायचं. आज कशानंतर काय होणार, त्याची चित्रं बाकावर चिकटवायची. जागा रोज तीच, भिंतीकडेची. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं, उत्तर येतं. आणि ती बघत नाही म्हणजे ऐकत नाही, असं समजायचं नाही.

"हे मोठ्या माणसांनाही लागू आहे का?" त्यांनी मान खाली ठेवूनच विचारलं.

"कोणतं?"

"बघत नाही म्हणजे... ऐकत नाही असं नाही."

मी काडीचा स्क्रू इतका घट्ट पिळला की पुन्हा सैल करावा लागला.

असे किती शनिवार गेले! काचेवर पावसाचे ओघळ उतरायचे आणि आतला उजेड पाण्याखालच्यासारखा हलायचा. वही भरत गेली. शाळेत मी अकरा वाजता खारूचं पाणी आणि औषध घेऊन जायचे, तेव्हा दारातून दिसायचं... खारू बाकावरच्या चित्रावर बोट ठेवून पुढच्या तासाची वाट बघतेय. एक दिवस तिने अख्खा धडा वाचला. भिंतीकडे तोंड करून, पण वाचला. सरांनी वर्गाला टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. सगळ्या मुलांनी नुसते हात वर करून हलवले. तीस हात, एकही आवाज नाही... मला दारातच भरून आलं.

त्या शनिवारी ते म्हणाले, "सगळी शाळा तुम्हाला मावशी म्हणते. मला मात्र आता जड जातंय."

"का बरं?"

"मावशीकडे जायचं म्हणून कोणी तीनदा भांग पाडत नाही."

मी हसून हसून लाल झाले. हसून, असं मी त्यांना सांगितलं.

*

बैठकीच्या आदल्या दिवशी कारकुनाने ताईच्या सहीसाठी खारूची फाईल माझ्याकडे दिली. सहज पानं उलटली... आणि एका पानाशी अडकले.

'ही मुलगी या वर्गात बसू शकणार नाही. इतरांच्या अभ्यासाचं नुकसान होतं.' खाली तारीख, शाळा सुरू झाली त्याच आठवड्याची. अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. शनिवारच्या वहीतलंच.

ते व्हरांड्यात होते. मी फाईल पुढे धरली. नाही म्हणा, मनात मी म्हणत होते. दुसऱ्या कोणाचं आहे म्हणा.

"मीच लिहिलंय," ते म्हणाले.

"आणि इतके शनिवार समोर बसून..."

"रोज सांगणार होतो. धीर झाला नाही. सांगितलं असतं, तर तुम्ही दार लावून घेतलं असतंत."

"ते आताही लावता येतं, सर."

मी निघून आले. पावसात छत्री उघडायचंही सुचलं नाही.

*

बैठकीला ताई ड्यूटीवरून तशीच गणवेशात आली. खारू बाईंच्या टेबलाखाली टाचण्यांची डबी घेऊन रांग लावत बसली. बाई वाईट नव्हत्या. तीस मुलं, एक शिक्षक, त्यांचीही ओढाताणच. त्यांनी डॉक्टरांचा अहवाल वाचला, मग तो शेरा मोठ्याने वाचला. ताईने माझा हात घट्ट धरला.

"वर्गशिक्षकच असं म्हणतात," बाई म्हणाल्या, "मग मदतनीस देऊन तरी..."

"बाई, मी बोलू?" सर उभे राहिले. कान लाल झाले होते. "तो शेरा माझा आहे आणि तो चुकीचा आहे. चार दिवस शिकवून लिहिला होता. तेव्हा मला वाटलं, मुलगी बसू शकत नाही. खरं म्हणजे मला तिला बसवता येत नव्हतं. हा नवा. साडेतीन महिने शिकवून लिहिलाय."

त्यांनी चार पानं बाईंपुढे ठेवली. कोणत्या दिवशी खारू किती वेळ बसली, काय वाचलं, कशाने बिथरली, कशाने शांत झाली, सगळं तारीखवार. शेवटी लिहिलं होतं: 'मला अजून हिच्याकडे पुरेसं लक्ष देता येत नाही. मदतनीस हवी आहे, ती मुलीइतकीच मलाही.'

"स्वतःचाच शेरा खोटा ठरवताय. तुमच्याही फाईलला लागेल हे," बाई म्हणाल्या.

"लागू दे."

बाईंनी चारही पानं वाचली. मला तो वेळ वर्षाएवढा वाटला. मग त्यांनी पेन उचललं. मदतनीस मंजूर, पण सकाळच्या सत्रापुरती. वर्षअखेर पुन्हा बघू. दुपारचं आम्हालाच निभवायचं होतं. तरी खारू याच शाळेत, याच बाकावर राहणार होती. ताईने डोळ्यांना रुमाल लावला.

बाहेर आल्यावर ताईने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या नजरेतून काय सुटतंय! "मी हिला घेऊन पुढे होते. तू ये... सावकाश," म्हणाली आणि खारूचं बोट धरून गेलीसुद्धा.

आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. पाऊस थांबला होता, झाडं मात्र अजून गळत होती.

"अजून रागावला आहात?"

"हो," मी म्हणाले. "पण कालच्यापेक्षा कमी."

"नव्या शेऱ्यातलं एक वाक्य मी खोडलं. शाळेच्या कागदावर शोभलं नसतं."

"कोणतं?"

ते समोरच्या ओल्या रस्त्याकडे बघत राहिले. "रोज अकरा वाजता मावशी दारात आली की वर्गातल्या दोघांचं लक्ष उडतं... आणि त्यातला एक जण शिक्षक आहे."

मी मनात दहापर्यंत मोजायला घेतलं. चारापुढे जाता आलं नाही.

"ते खोडायला नको होतं, सर."

"सर नको ना आता."

"मग काय म्हणू?"

"सुचेल तुम्हाला. मला घाई नाही."

बस आली. दार उघडलं, कंडक्टरने आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. आम्ही दोघांनीही ती जाऊ दिली.