दोन दिवसांचं काम

तो आमच्या कारखान्याच्या दारात आला तेव्हा त्यानं एक ओलं पोतं पोटाशी कवटाळलेलं होतं. तापानं फणफणलेलं लेकरू दवाखान्यात आणावं, तसं.

“मिस्त्री आहेत का?” माझ्याकडे बघत, पण माझ्या पलीकडे कुणालातरी शोधत त्यानं विचारलं.

“आहेत.”

“बोलावता जरा?”

“बोलावले. बोला.”

तो गोंधळला, माझ्या हातातल्या हातोडीकडे बघून हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, उजव्याला पडत नाही, हे मी लगेच टिपून ठेवलं. सवयच आहे मला... काहीही समोर आलं की दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते आधी बघायचं.

पोत्यातून त्याच्या बोटीचा पंखा निघाला. पुस्तकात त्याला प्रोपेलर म्हणतात. धक्क्यावर सगळे पंखाच म्हणतात. पितळी, तीन पात्यांचा. दोन पाती धड, तिसऱ्याचं टोक कानासारखं दुमडलेलं.

“कशावर आपटला?”

“ओंडका होता पाण्याखाली. खोलीचा अंदाज चुकला.”

“काम काय करता तुम्ही?”

तो मान खाली घालून म्हणाला, “पाण्याची खोली मोजतो. नकाशांसाठी.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबांना ठसकाच लागला. त्यांचा खांदा गेल्यापासून हातोडी माझ्याकडे आणि टोमणे त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी आहे. त्यांनी तिथल्या तिथे त्याचं नाव ‘पाणीमोजे’ ठेवून टाकलं.

एक तारखेला त्याला दूरच्या बेटांवर हजर व्हायचं होतं. आठ महिन्यांचं काम. निघायला नऊ दिवस होते. मी कामाच्या वहीत लिहिलं: एक पातं वाकलेलं. अंदाजे दिवस – दोन.

आणि ते खरोखरच दोन दिवसांचं काम होतं. सोमवारी पातं तापवून हळूहळू ठोकून सरळ केलं. तो समोरच्या स्टुलावर बसून.

“बोटीवर काही काम नाही का तुम्हाला?”

“पंख्याशिवाय बोट म्हणजे नुसती खोली. तिथं काय करू?”

मंगळवारी कानस मारली, आणि तोल बघायला पंखा आडव्या दांड्यावर चढवला. तोल बरोबर असला की पंखा फिरवून कुठंही सोडा, तिथंच थांबतो. एखादं पातं जड असलं, की ते गुपचूप खाली येतं.

मी सोडला. थांबला.

तो दाराबाहेर पाठमोरा उभा होता. शर्टाची कॉलर मागे दुमडलेली. आता हा तशीच दुमडलेली कॉलर घेऊन जाणार, असं काहीतरी मनात आलं... आणि माझ्या हातानं डब्यातलं चिमूटभर मेण घेऊन पात्याच्या पाठीला चिकटवलं. हातानंच. मला विचारलं नाही.

“झालं?” आत येत त्यानं विचारलं.

मी पंखा सोडला. पातं निमूटपणे खाली आलं.

“जड लागतंय अजून. उद्या बघू.”

“बघा ना. घाई नाही.”

घाई नसलेलं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. तिथंच शंका यायला हवी होती.

मग उद्याचं परवा झालं. वहीत मी लिहीत गेले – हवा दमट, दांडा तपासणे, पुन्हा कानस. चौथ्या दिवशी मेण कुठंतरी गळून पडलं. सापडेना, म्हणून दुसरं लावलं.

एका दुपारी तो खोली मोजायची दोरी घेऊन आला. टोकाला शिसं, हात-हातावर गाठी.

“हिनं काय काय मोजता येतं?” मी विचारलं.

“ज्याला तळ आहे ते सगळं.”

“आणि तळ लागलाच नाही तर?”

“तर... सोडत राहायची दोरी.” तो दोरीकडे बघत नव्हता. दुसरं टोक माझ्या हातात होतं. मीही ते खाली ठेवलं नाही.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, “पोरी, पाती तीनच आहेत ना गं? का रोज एक उगवतंय?”

“गप्प बसा हो बाबा.”

“गप्पच आहे मी. टिचकी मारून ऐकलं फक्त. पंखा मंगळवारीच बरा झालाय.”

नवव्या दिवशी मी मेण खरवडून काढलं. एक तारीख चुकली असती तर त्याचं काम दुसऱ्याच कुणाला गेलं असतं. वहीत लिहिलं: तोल बरोबर. एवढे दोन शब्द लिहायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

ओहोटीला बोट चिखलात टेकली होती. मी पंखा शाफ्टवर बसवला, नट आवळला.

“ग्रीस कुठंय?”

“आत, डाव्या पेटीत– नाही, उजव्या! डावी नका उघडू–”

डावी उघडून झाली होती. तेलकट पोत्यात गुंडाळलेला पंखा. पितळी, तीन पात्यांचा, त्याच मापाचा. कोरा करकरीत.

“हे काय आहे?”

“पंखा...”

“ते दिसतंय मला! कधीपासून आहे?”

“बोट घेतली तेव्हापासून. बेटांकडे जाणारी बोट जास्तीच्या पंख्याशिवाय निघत नाही.”

“म्हणजे पहिल्याच दिवशी जाता आलं असतं तुम्हाला.”

“दुपारपर्यंत. वाकडा तुमच्याकडे टाकून हा बसवणार होतो. पण तुम्ही म्हणालात, ‘बोलावले, बोला’...”

“नऊ दिवस फसवलंत मला!” माझा आवाज चढला. रागानं की कशानं, कोण जाणे.

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. आत मेणाची चपटी गोळी. त्यावर अंगठ्याचा ठसा. माझा.

“चौथ्या दिवशी सापडली. मोजणारा माणूस आहे मी, पात्यावरून हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. पाचव्या दिवशी त्याच जागी दुसरी दिसली... तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू, मिस्त्री?”

भरतीचं पाणी बोटीच्या बुडाशी आलं होतं.

“हा कोरा पंखा तुमच्याकडे ठेवतो,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे परत यावंच लागेल.”

“अजिबात नाही. खडकांत जास्तीच्या पंख्याशिवाय जाणार? मला गिऱ्हाईक जिवंत हवंय.” मी पोतं त्याच्या पेटीत परत ठेवलं आणि झाकण लावलं. मग हात पुसले, त्याच्या मागे गेले आणि नऊ दिवस दुमडलेली ती कॉलर सरळ केली. तो श्वास रोखून उभा होता.

“सरळ केलेलं पातं आहे,” मी त्याच्या पाठीला सांगितलं. “आठ महिन्यांनी पंखा तोल तपासायला आणायचा. दुसरीकडे दाखवलात तर बघा.”

“नाही दाखवणार,” तो म्हणाला. “पण... तपासायला किती दिवस लागतात?”

मी हातोडी उचलली आणि धक्क्यावर चढले.

बोट निघाली. बाबा धक्क्यावर कान देऊन उभे होते. “ऐक,” ते म्हणाले. “जराही थरथर नाही.” नव्हतीच. इतकं चोख काम केलं होतं मी, की तो बघता बघता दिसेनासा झाला.

कारखान्यात येऊन वहीचं नवं पान काढलं. आठ महिन्यांपुढची तारीख घातली. काम: पितळी पंखा, तोल तपासणे. अंदाजे दिवस –

तिथं मी काहीच लिहिलं नाही.