गाळाला निरोप

भट्टीच्या अंगावर हातोडी पडली की आत काय चाललंय ते छायाला कळायचं. टण्ण वाजलं, तर पाणी मोकळं खेळतंय. भद्द वाजलं, तर गाळ बसलाय. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याच सरांनी हे शिकवलं नव्हतं. ते ती इथं, समुद्रपूरहून गिरडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या लोखंडाच्या कारखान्यात शिकली, आणि इतकं पक्कं शिकली की मॅनेजरसाहेबसुद्धा तिच्या कानापुढे वाद घालत नसत.

गोष्ट तशी सोपी होती. भट्टीला पोलादाचं दुहेरी कवच असतं. दोन पत्र्यांमधल्या फटीतून सतत पाणी फिरतं, म्हणून आतलं लोखंड वितळतं आणि भट्टी वितळत नाही. या कवचाच्या एकेका तुकड्याला जॅकेट म्हणायचे. पण पाणी पडलं बोअरचं, जड. चहाच्या पातेल्याच्या बुडाला जी पांढरी खपली धरते, तीच इथं पत्र्याला धरायची, आणि वरून टाकीतली माती येऊन तळाशी बसायची. म्हणून दर मे महिन्यात भट्टी विझवायची, थंड होऊ द्यायची, जॅकेटांच्या तळाची झाकणं खोलायची आणि सळया घालून, पाण्याचा मारा करून गाळ काढायचा. जॅकेटांना नंबर होते, पण नंबरानं कोणी बोलत नसे. ज्याच्या समोर जे, तेच त्याचं नाव. गेटाकडचं, कॅन्टीनकडचं, बाभळीकडचं.

सगळी टण्ण वाजली की छायानं म्हणायचं, "पेटवा." तोवर भट्टीला काडी लागत नसे.

या एका शब्दाच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नसे, आणि त्याला कारण होतं. तिचा नवरा नीलेश त्याच भट्टीवर कामाला होता. लोखंडाची धार सुटते तिथं, बाभळीकडच्या जॅकेटकडे तोंड करून तो उभा असायचा. जॅकेट तुंबलं तर पत्रा तापून फाटतो, पाणी वितळलेल्या लोखंडावर पडतं आणि स्फोट होतो. समोर उभ्या माणसाचं मग काय होतं, ते कारखान्यात कोणी बोलून दाखवत नसे.

ते २००१ साल. आचल तेव्हा रांगायला लागली होती. कारखान्याच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमधून निघताना छाया लेकीला पोटाशी धरायची, तिच्या ऊनऊन टाळूवर ओठ टेकवायची आणि म्हणायची, "येते हं बाई." एकदा घाईत "जाते मी" निघून गेलं, तर सासूबाई, सुलोचनाबाई, हातातलं निवडणं टाकून उठल्या होत्या.

"जाते काऊन म्हंते वं? घरच्या मान्साले जा म्हनू नये, अन् आपनबी जातो म्हनू नये. येते म्हन!"

स्वतः त्या सगळ्यांना दारातून "येजो", म्हणजे परत ये, म्हणत. सुनेला येजो, लेकाला येजो, सिलिंडर टाकून जाणाऱ्या माणसालाही येजो. छायाच्या माहेरीही तीच रीत. निरोपाला दुसरा शब्दच नव्हता.

आणि कारखान्यात बरोबर उलटं. गाळ काढणाऱ्या टोळीचे मुकादम पुंडलिकराव. जॅकेटमधलं शेवटचं गढूळ पाणी वाहून गेलं की झाकण लावायच्या आधी ते वाकायचे आणि नालीतल्या गाळाला म्हणायचे, "जा." तेवढंच. कुत्र्यालासुद्धा कोणी असं म्हणणार नाही, अशा कोरड्या आवाजात. पहिल्या वर्षी छायानं विचारलं, हे कशाला?

"गाळ हाय बाई तो," पुंडलिकराव न हसता म्हणाले. "येजो म्हनलं तं येईन ना."

पाण्याचा पाइप धरणारा लहानू मागून म्हणाला, "काकानं काकूलेबी एकदा असंच म्हनलं होतं. तवापासून ते माहेरीच बसून राह्यली."

"तुयं तोंड आधी धुऊन काढतो त्या पाइपानं," पुंडलिकराव म्हणाले, आणि सगळे हसले होते. छायासुद्धा.

यंदा गेटाकडचं झालं, कॅन्टीनकडचं झालं. तांबूस चिखल, गंजाचे पापुद्रे, आणि गिरडच्या टेकडीवर सापडतात तसे, पण लहान, बोराएवढे, गोल खडे. दरवर्षीचंच. पुंडलिकरावांचं "जा" म्हणून झालं, झाकणं बसली. बाभळीकडचं तेवढं राहिलं होतं.

दुपारी नीलेश डोक्याला दुपट्टा गुंडाळून चक्कर मारून गेला. "साहेब इचारून राह्यले, उद्या पेटवाची का?"

"वाजल्याशिवाय नाही," छाया म्हणाली.

"मी कुठं म्हंतो? समोर तं मलेच उभं राहा लागते." तो हसला. "चल, येतो."

"या," ती म्हणाली.

ऊन असं होतं की बाभळीची सावलीसुद्धा बुंध्याशी दबून बसली होती. लहानूनं शेवटचा नट काढला, झाकण बाजूला केलं, आणि आतून पांढरं आलं.

चिखल नव्हता तो. भिजवलेल्या पिठासारखं काहीतरी, सावकाश, न सांडता, झाकणाच्या तोंडातून उतरत नालीत येऊ लागलं. लहानूनं पाइपाचं पाणी सोडलं. ते येतच राहिलं. नाली भरली. नालीच्या टोकाच्या खड्ड्याची कड पांढरी झाली.

"मॅडम, पोटात मावते त्याच्यापेक्षा जास्त ओकून राह्यली हे बया," लहानू म्हणाला.

छायाच्या मनातही तेच आलं होतं. त्या बोटभर फटीत एवढं मावणं शक्य नव्हतं. "वरच्या लाइनीतून उतरत असंल," ती म्हणाली आणि वरचा व्हॉल्व्ह बंद करवला. ते येतच राहिलं.

तिनं खिशातली ॲसिडची बाटली काढली आणि थेंब टाकला. क्षार असता तर फसफसला असता. थेंब नुसता मुरला. म्हणजे वाळूचं पीठ, सिलिका. उत्तर मिळालं. उत्तर मिळालं की छायाला बरं वाटायचं. ती उकिडवी बसली आणि पोत बघायला तिनं त्यावर तळहात ठेवला.

ऊन होतं ते.

मे महिन्यात नळाचं पाणीही ऊन असतं, पत्राही तापतो. पण ही ऊब उन्हाची नव्हती. ही ऊब तिच्या ओळखीची होती. सकाळीच तिनं तिच्यावर ओठ टेकवले होते.

तिनं हात काढून घेतला आणि एप्रनला पुसला.

पुंडलिकराव जवळ आले नव्हते. "इतकी वर्सं गाळ काढून राह्यलो, बाई," ते लांबूनच म्हणाले. "गाळ गार राह्यते."

"हा वरून तापून आला असंल, काका."

"भट्टी विझून आठवडा होऊन गेला."

छायानं आपली पितळी हातोडी उचलली आणि जॅकेटवर मारली. भद्द. लहानूनं सळई आत घातली. ती कशालाही न अडता पार वरपर्यंत गेली. बाहेर काढली तेव्हा कोरडी होती. लहानूनं ती उन्हात धरून फिरवून पाहिली आणि या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

छायानं पुन्हा हातोडी मारली. भद्द.

आणि त्याच्या मागोमाग, आतून, थप.

थप.

मग जरा थांबून, थप.

लोखंडाचा आवाज नव्हता. ओला तळवा कापडावर पडावा तसा होता.

"हवा अडकली असंल," लहानू म्हणाला.

"हवाच आहे," छाया म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच निघाला. पण तिचा स्वतःचा उजवा हात मांडीवर आपोआप हलला होता, त्याच तालात. दोन, थांबून एक. आचलला ती असंच थोपटायची. सुलोचनाबाईंचा हात भराभर पडायचा, नीलेशचा कसाही. दोन, थांबून एक, हे फक्त तिचं आणि लेकीचं होतं. तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी कोणी सांगत नाही.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पुंडलिकराव भिंतीला टेकून खाली बसले होते, चेहरा घामानं डबडबला होता.

"लहानू, त्यांना कॅन्टीनमध्ये घेऊन जा. पाणी पाज, साखर-मीठ टाकून. डोक्यावर ओलं फडकं ठेव."

"अन् हे, मॅडम?"

"हे मी बघते."

जाता जाता पुंडलिकरावांनी मान वळवून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्या ओठांची हालचाल तिला दिसली, शब्द ऐकू आला नाही.

ती एकटी राहिली. पळून जावं असं तिला वाटलं नाही. समोर तुंबलेलं जॅकेट होतं आणि उद्या त्याच्यापुढे तिचा नवरा उभा राहणार होता. तिनं ओढणी कमरेला खोचली, पाइप उचलला, पाण्याबरोबर हवेचा व्हॉल्व्हही पूर्ण उघडला आणि तोंड आत खुपसलं. जॅकेट थरथरलं. पांढरं उसळून आलं, मग पातळ झालं, मग पाणी. सगळ्यात शेवटी एक गोळा आला. मऊ, अखंड. नालीतून घरंगळत गेला आणि खड्ड्याच्या तोंडाशी थबकला.

थोपटणं थांबलं.

तिनं हातोडी मारली. टण्ण! इतकं स्वच्छ की बाभळीवरचा होला उडाला.

छायानं कपाळावरचा घाम पुसला. जिंकल्यासारखं वाटलं तिला, आणि ती जिंकली होतीच. आता झाकण. झाकणाआधी ते एक म्हणायचं होतं, आणि म्हणणारा माणूस कॅन्टीनमध्ये होता. तिचा विश्वास नव्हता, पण कामाची रीत ती कामाची रीत. ती वाकली. गोळा अजून तिथंच होता. कोपराच्या खळगीत मावेल एवढा. त्याची ऊब तिच्या तोंडावर आली.

निरोपाला तिच्या जिभेवर जन्मापासून एकच शब्द होता.

"येजो," ती म्हणाली.

गोळा अलगद खड्ड्यात उतरला.

आपण काय म्हटलं ते तिला तेव्हा ऐकू आलं. ती स्वतःशीच हसली, झाकण बसवलं, नट आवळले. संध्याकाळी पुंडलिकराव सावरून आले. "म्हनलं ना, बाई?" त्यांनी विचारलं.

"झालं सगळं, काका," ती म्हणाली. आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पेटवा!"

भट्टी पेटली. दुसऱ्या दिवशी पहिली धार सुटली तेव्हा नीलेश समोर उभा होता, दुपट्टा तोंडाला बांधून. छायानं बाभळीकडच्या जॅकेटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात घातला. कोमट. इतर जॅकेटांपेक्षाही गार. धार वाहिली, साच्यांत पडली, थिजली. नीलेशनं दुरून हात वर केला. छायानंही केला. आजवरचं सगळ्यात चांगलं साफ झालेलं जॅकेट होतं ते.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती घरी आली. सुलोचनाबाई स्वयंपाकघरात पिठलं घोटत होत्या.

"पोट्टी कशी राहिली, आई?"

"आज तं मले काई त्रासच नाई. थोपटाबी नाई लागलं. आपलीच निजली. अजून निजूनच हाय."

आतल्या खोलीकडे जाताना छायाच्या पायाला काहीतरी लागलं. मोरीच्या जाळीपासून एक पांढरी रेघ निघाली होती. बारीक, रांगोळी सांडावी तशी. ती झोळीपर्यंत गेली होती.

"आई, रांगोळी सांडली का?"

"मी कायले सांडवू?"

कॉलनीतल्या मोऱ्यांचं पाणी कारखान्याच्याच त्या खड्ड्यात जायचं. छाया हे जाणून होती. तिनं वाकून रेघेला बोट लावलं.

ऊन होतं ते.

मग तिला आवाज ऐकू आला. थप, थप. थांबून, थप.

झोळीपाशी कोणी नव्हतं. झोळीचं कापड एका बाजूनं हलकेच आत दबायचं आणि परत यायचं. आत आचल ओठ किंचित उघडे टाकून झोपली होती, गाल त्याच बाजूला टेकवून.

छाया ओरडली नाही. कुठलं काम अर्धं राहिलं होतं ते तिला नेमकं माहीत होतं. ती झोळीच्या उशाशी जाऊन उभी राहिली. या घरात कधी कोणी न उच्चारलेला शब्द तिनं पुंडलिकरावांच्या आवाजात, कोरडा, काढला.

"जा."

थोपटणं थांबलं. कापड सैल पडलं. मोरीत पाणी खाली उतरल्याचा आवाज आला, दूर जाणारा.

छायानं श्वास सोडला. झालं. टण्ण.

"छाया!"

दारात सुलोचनाबाई उभ्या होत्या, हातात पिठल्याचा डाव तसाच.

"लेकराले जा म्हनलं तू? झोपल्या लेकराले?"

"आई, तिला नाही म्हटलं, थांबा..."

पण त्या थांबल्या नाहीत. डाव जमिनीवर टाकून त्या झोळीपाशी आल्या, नातीवरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर त्यांनी कडाकडा बोटं मोडली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाई वं माय बाई, कोनी नाई जात," त्या झोळीत वाकून, जिवाच्या आकांतानं, मायेनं म्हणाल्या. "येजो. येजो. रोज येजो. इथंच राहजो."

मोरीतला दूर गेलेला आवाज थांबला.

छायानं लेकीला उचलायला हात पुढे केले.

झोळीचं कापड हलकेच आत दबलं.

आचल झोपेतच हसली, आणि त्या बाजूला आणखी सरकली.