दाट दुधाचा आळ

"माझ्या दुधावर आळ आलाय गो!" शहापूरच्या बाजारातल्या गुप्तहेर माधुरी पडवळच्या खोलीत शिरताच सकुबाई म्हणाली. "दूध केंद्रावरला मनोज म्हणतो, शेळीच्या दुधात म्हशीचं घालते. सोमवारपासून घेणार नाय. साऱ्या गावासमोर बोलला."

"पाणी घातल्याचा आळ ऐकला होता. दूध दाट केल्याचा पहिलाच," शेखर म्हणाला. तो माधुरीचा नवरा आणि मदतनीस. घाई ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

दुपारी दोघं खर्डीच्या पुढे सकुबाईच्या पाड्यावर पोचले. गावात म्हैस एकच, शेजारच्या कमळूची.

"चार महिने आटलीय ती," कमळू तडकला. "दूध देऊ कुठनं?"

मनोजनं यंत्रावरचा आकडा दाखवला. साडेतीनचं फॅट पाचावर गेलं होतं. माधुरीनं त्याच्याच समोर शेळी पिळायला लावली. आकडा पुन्हा पाच!

शेखरनं डोकं खाजवलं.

गोठ्यात लेंड्या सुट्या नव्हत्या, चिकटून गोळे झाले होते. शेळीच्या दाढीत काळी कणी अडकली होती. माधुरीनं ती बोटांत चुरली, बोट तेलकट झालं.

घरात सून रेश्मा चहा देत होती. बांगड्या मनगटावरून पार पंजावर उतरत होत्या. महिन्यापूर्वी तिचं बाळ जन्मताच गेलं होतं. शेळी त्याच दिवशी व्यायली.

"खुरासणी-गुळाचे लाडू करून घालते," सकुबाई कौतुकानं म्हणाली. "डबा रोज रिकामा होतो. खाते पोरगी."

माधुरी हळूच म्हणाली, "मावशी, भेसळ नाही. दूध सडातूनच दाट येतंय. शेळीच्या पोटात तेल वाढलं की ते रक्तातून कासेत उतरतं, दुधातलं फॅट वाढतं. जास्त झालं की पोट बिघडतं, म्हणून लेंड्यांचे गोळे. दाढीतली कणी खुरासणीची, त्या काळ्या तेलबीची. डबा रोज रिकामा होतो, पण लाडू खाणाऱ्या बाईच्या बांगड्या सैल कशा होतील?"

रेश्मानं हातातली कपबशी खाली ठेवली.

"त्या शेळीची पिल्लं आहेत," ती म्हणाली. "तीपण बाळंतीणच ना, आई? माझं दूध तर डॉक्टरांनी गोळ्या देऊन आटवलं. माझ्या घशाखाली उतरायचे नाय ते लाडू. तिला तरी लागतील म्हणून..."

शेखरनं नजर वळवली. त्याला रडू येत होतं.

"मी स्वतः मनोजला सांगते," माधुरी म्हणाली.

"त्याचं बघू मागनं." सकुबाईनं डब्यातला शेवटचा लाडू काढला, सुनेला जवळ ओढलं. "महिनाभर मी डबा बघत बसले गो, तुला बघितलंच नाय."

तिनं लाडू फोडून एक घास रेश्माच्या ओठांशी धरला. रेश्मा रडत रडतच तो खाऊ लागली.