पाणी न लागलेलं पाऊल

"अगं, पाणी फार कढत करू नकोस! मागच्या खेपेस चर्चमध्ये गाणाऱ्या मावशींनी पाऊल बुडवलं मात्र, अशा किंचाळल्या की लोकांना वाटलं नवीन गीतच सुरू झालं!"

बाहेरच्या खोलीत उपदेशाची उजळणी मध्येच थांबवून पाळकसाहेब हसत हसत म्हणाले... आणि आत स्वयंपाकघरात, दार लोटून, ओठ दाताखाली घट्ट धरून, पाळकीणबाई आपला उजवा पाय बुटात कोंबत होत्या.

सकाळीच बदललेली पट्टी पुन्हा ओलावली होती. साखरेचा आजार जुना; पण अंगठ्याची जखम गेल्या आठवड्यात काळवंडली, तेव्हा डॉक्टरांनी "आजच्या आज दाखल व्हा" असं बजावलं होतं. त्यावर बाई काय म्हणाल्या? "आमच्या ह्यांची पाय धुण्याची उपासना होऊन जाऊ दे, मग येते." जणू जखमही चर्चच्या मंडळीची सभासद होती आणि पाळकांची सोय बघून पुढं सरकणार होती!

"आई, आता तरी सांग बाबांना," लेक कळवळून म्हणाली.

"एक अक्षर बोललीस तर बघ!"

लेकीला वाटे, आईचा हा त्याग आहे. मंडळीत कुणाच्या घरी नुसता खोकला झाला तरी डॉक्टरांच्या आधी पाळकसाहेब हजर. अशा माणसाच्या सेवेत आड यायचं नाही, म्हणून ती सोसते आहे. बाईंनीही तसंच वाटू दिलं होतं. पण त्यांच्या अंतःकरणाच्या तळाशी दुसरंच भय दबा धरून बसलं होतं... आपण सांगितलं, आणि तरीही ते उपासनेला आधी गेले, तर? हे कळण्यापेक्षा पाय दुखलेला बरा!

वर्षातून एकदा पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धूत. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. पाणी तापवायचं, टॉवेल उन्हात कडक वाळवायचे, हे बाईंचं काम. आणि निवडलेले बारा जण? पाळकांपुढं मळके पाय कसे न्यायचे, म्हणून ते सकाळपासून घरी दगडानं टाचा घासत बसत! धुतलेले पाय पुन्हा धुवायचे आणि त्याला सेवा म्हणायचं... बाईंनी हा शेरा कित्येक वर्षं मनातच ठेवला होता.

या खेपेस मात्र ती घासाघीस अंगाशी आली. उपासना सुरू झाली, अकरा खुर्च्या भरल्या, आणि निरोप आला की घंटा वाजवणारे काका टाचा घासताना न्हाणीघरातच घसरले. कंबर धरून पडून आहेत. चर्चभर दबलेलं हसू पसरलं.

पाळकसाहेबही हसले, मग गंभीर होऊन म्हणाले, "सेवा म्हणजे गरजवंतापुढं गुडघे टेकणं. ही खुर्ची रिकामी राहायला नको. कुणीही या."

"आई बसेल!" लेक ताडकन उठून ओरडली.

सगळ्या माना वळल्या. आता नाही म्हणावं तर चारचौघांत शोभा! बाई एकेक पाऊल जपत गेल्या आणि बसल्या. पाळकसाहेबांनी भांडं पुढं ओढलं.

"डावाच धुवा," त्या पुटपुटल्या.

"अगं, अर्धी सेवा कशी करू?" पुढच्या बाकांवर पुन्हा खसखस पिकली. त्यांनी उजवा बूट काढला. खाली पिवळटलेली पट्टी दिसली. तोवर सवयीनं त्यांनी ओंजळीत पाणी घेतलंही...

"अहो, पाणी नका लावू! डॉक्टरांनी बजावलंय!"

बोलून गेल्या, आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.

"कुठल्या डॉक्टरांनी? कधी?"

"गेल्या आठवड्यात, बाबा," लेक हुंदके देत म्हणाली. "त्याच दिवशी दाखल व्हायला सांगितलं होतं..."

ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. त्यांनी पट्टी उलगडली. वास आला तसे शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ नकळत मागं सरले. मंडळीचे एक वडीलधारे कारभारी वाकून हळूच म्हणाले, "साहेब, शेवटची प्रार्थना तेवढी आटोपून..."

"ती तुम्ही करा!"

आणि उभ्या आयुष्यात कधी उपासना अर्धी न टाकलेल्या त्या माणसानं बायकोला सरळ उचललं. "अहो, मी काय हलकी आहे? पाठ धरेल तुमची!" बाई म्हणत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

इस्पितळात शल्यविशारदानं पाय तपासला. "आठवडाभर आधी आणलं असतं, तर अंगठ्यावर भागलं असतं." आता घोट्यापासून पाऊल काढायचं होतं.

तयारी होईपर्यंत दोघंच खोलीत उरली. "मला का नाही गं सांगितलंस?" त्यांचा स्वर फाटला होता.

बाई छताकडं बघत म्हणाल्या, "सांगितलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, 'उपासना होऊ दे, मग जाऊ'... तर मी कुठं गेले असते?"

प्रत्येक आजाऱ्याच्या खाटेशी ज्यांच्या ओठांवर शास्त्रवचन तयार असे, त्यांना त्या क्षणी एकही आठवेना. खोटं बोलणं तर मुळीच जमेना. "म्हणालो असतो..." ते मान खाली घालून म्हणाले. "तसंच म्हणालो असतो गं!"

बाईंनी मान डोलावली. त्यांना ठाऊकच होतं. पण ते नवऱ्याच्या तोंडून आलं, आणि छातीवरचं कसलंसं ओझं सैलावलं.

थोड्या वेळानं नसणारं ते पाऊल पाळकसाहेबांनी अलगद मांडीवर घेतलं.

"फार दुखतंय का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी किती घरांत विचारला होता! बाईंनी नेहमीचं हसू ओठांवर आणायचा प्रयत्न केला. पण ते आलं नाही.

"हो हो... फार दुखतंय हो!" त्या लहान मुलीसारख्या मोठ्यानं रडू लागल्या. शस्त्रक्रियेला न्यायची ढकलगाडी दारात येऊन उभी राहिली, तरी पाळकसाहेबांनी त्यांना रडू दिलं.