कोठीतला जोडीदार

ही गोष्ट खरी आहे. खोटं लिहिणं माझ्या नेमात बसत नाही, आणि मामांना तर साधी गंमतसुद्धा रंगवून सांगता येत नाही.

वेळ भर दुपारची. पण आगबोटीच्या पोटात दुपार काय आणि रात्र काय... उजेड फक्त भट्टीचा आणि कंदिलाचा.

मामा बॉयलरच्या भट्टीत कोळसा घालायचे. भिंतीपलीकडे कोळशाची कोठी. आतला जोडीदार खालच्या झडपेतून कोळसा पुढे ढकलायचा. इंजिनाच्या धडधडीत भिंतीपलीकडचं बोलणं ऐकूच येत नसे. म्हणून मामांनी फावडं भिंतीवर दोनदा आपटायचं, आतून दोन ठोके यायचे, की मागोमाग कोळसा.

जोडीदाराला सगळे ‘पाहुणा’ म्हणत. उद्या नोकरी सोडतो, उद्या सोडतो, असं वर्षानुवर्षं घोकत तो तिथेच होता.

त्या दिवशी समुद्र खवळला होता. निम्मे खलाशी आडवे झालेले, त्यामुळे आदल्या दिवसापासून मामांना बदली नव्हती. बाजूला खडक होते. वाफ उतरली तर बोट उतारूंसकट खडकांवर जाईल, असं इंजिनवाल्या साहेबांनी बजावलं होतं.

तेवढ्यात कोठीत ढीग कोसळला. पाहुण्याचा हात चेचला. मामांच्या देखत त्याला वर नेलं.

पण थकव्यानं डोकंच चालेना. समोरचा कोळसा संपला आणि सवयीनं हात उठला.

ठक्. ठक्.

मग आतून...

ठक्. ठक्.

कोळसा आला.

पाहुणा परतला वाटतं, एवढंच मामांच्या मनात आलं. ते मागत गेले, कोळसा येत गेला. अंगाचं पाणी पाणी झालं, पण वाफ टिकली. खडक मागे पडले, इंजिनाची धडधड मंदावली.

मग जिन्यावरून कोणी उतरलं. हात गळ्यात बांधलेला पाहुणा. शेवटच्या पायरीवर टेकत त्यानं विचारलं,

"आत कोणाला जुंपलंस रे?"

मामांनी वाकून झडपेतून आत कंदील धरला.

कोळसा पार पलीकडच्या भिंतीला होता. झडपेपाशी नुसतं उघडं लोखंड.

माणूस... नव्हता.

घाबरायलाही अंगात त्राण लागतं. मामांपाशी तेही उरलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "झालं बाबा काम. दमला असशील. जा वर, पड जरा."

क्षणभर काही नाही.

मग... कोठीतून पावलं.

जड. एक पाय ओढत.

मामांच्या दंडाला ऊन वाफ लागून गेली. पायरीवर बसलेल्या पाहुण्यानं, कोणाला वाट द्यावी तसे, पाय बाजूला घेतले. लोखंडी जिना एकेक पायरी वाजत गेला.

"कोण गेलं रे?" पाहुण्यानं विचारलं.

वर गेल्यावर मामांनी जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या खलाशाला विचारलं. तो म्हणाला, तुमच्याआधी कोणीच आलं नाही.

मी मामांना म्हणते, कोठीत कधीकाळी गाडला गेलेला कोणी असेल, बिचारा सुटला असेल.



"सुटला असेल तर बरं," ते म्हणतात. "पण तो चढताना मी ऐकला गं... वर पोचलेला कोणी पाहिला नाही."